जेवल्या दिवशी नाही

मास्तर गेल्याचं मला धुळ्यात कळलं, तेही ऑफिसात, चहाच्या वेळी. जळगावहून बदलून आलेला एक कारकून बिस्किट बुडवता बुडवता म्हणाला, "ते दवाखान्यामागच्या गल्लीतले ख्रिस्ती मास्तर वारले म्हणे. तेच हो, लोकांना जेवायला बोलावून धर्म सांगायचे ते." मी कप खाली ठेवला. त्या माणसाशी भांडावंसं फार वाटलं. पण भांडून सांगणार काय? त्याच्या कानावर आलेली गोष्ट शेवटच्या काही वर्षांपुरती खरीच होती. त्याआधी मी मास्तरांचा भाडेकरू होतो, आणि तेव्हा त्यांच्याकडे ताटावर बसलेल्या एकाही माणसापुढं त्यांनी देवाचं नाव काढलेलं मी ऐकलं नाही. शेवटी ते बोलायला लागले ते कशामुळं, हे मला माहीत आहे, कारण त्या दिवशी मी त्यांच्या शेजारच्या ताटावर बसलो होतो.

ही ऐंशी सालानंतरची गोष्ट. मी बोदवडचा. पाटबंधारे खात्यात चिकटलो आणि जळगावात खोली शोधत फिरू लागलो. घरमालक लोक आधी आडनाव विचारत, मग गाव विचारत, मग आडनाव पुन्हा विचारत. मास्तरांनी मला दारात उभं करून एकच विचारलं, "तुम्हाला सकाळी भूक लवकर लागते की उशिरा?" मी म्हटलं, लवकर. ते म्हणाले, "मग खोली तुमची. उशिरा जेवणाऱ्याशी माझं जमत नाही."

उंच, थोडा वाकलेला, पांढऱ्या शर्टाची वरची गुंडीसुद्धा लावणारा माणूस. आयुष्यभर मिशनच्या शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले. बायको वारलेली, मूलबाळ नाही. मला 'साहेब' म्हणायचे, आणि त्यात आदर किती नि चेष्टा किती हे मला शेवटपर्यंत उमगलं नाही. स्वयंपाक स्वतः करायचे, आणि भूगोलापेक्षा चांगला करत असावेत. थंडीत कपाशीच्या वाळल्या पऱ्हाटीच्या काड्यांवर वांगी भाजून केलेलं त्यांचं भरीत खाल्लं की मी घरी आईला पत्रात तब्येत बरी आहे असं मनापासून लिहायचो.

दहाच्या सुमारास भाजी-भाकरी झाकून ठेवायची, पायात चपला सरकवायच्या आणि सरकारी दवाखान्याच्या आवारात जायचं, हा त्यांचा नेम. तिथं कडुनिंबाखाली खेड्यापाड्यांतून आलेले पेशंटचे नातेवाईक बसलेले असत. जामनेरकडचे, भडगावकडचे, कुठले कुठले. मास्तर त्यांच्यातून एखाद्याला हेरत आणि जवळ जाऊन म्हणत, "जेवायला चला." तो माणूस साहजिकच बिचकायचा. कोण तुम्ही, कशाला? तर म्हणायचे, "मला एकट्याला जेवण जात नाही." नाव विचारायचं नाही, गाव विचारायचं नाही, आजार कुणाला नि कसला हेही विचारायचं नाही. विचारलं की माणूस मिंधा होतो, असं त्यांचं म्हणणं.

घराच्या उंबऱ्यावर मात्र ते पाहुण्याला थांबवत आणि वर्गात सूचना द्यावी तसं सांगत, "मी ख्रिस्ती आहे. माझ्या हातचं चालत नसेल तर अंगणात चूल आहे, वेगळा तवा आहे, पीठ देतो. तुमच्या हातानं करून खा." धर्माविषयी जेवणाऱ्याशी त्यांचं बोलणं एवढंच. पुष्कळ जण ओशाळे होऊन पीठच मागून घेत. मग अंगणात तीन दगडांवर त्यांची भाकरी, आणि आत मास्तरांनी केलेली भाजी गार. माझं डोकं फिरायचं. मी एकदा म्हणालो, "मास्तर, ज्यांना तुमच्या हातचं विटाळतं, त्यांना तुमचं पीठ बरं चालतं?" ते म्हणाले, "साहेब, भूक माझ्या हातची नाही ना. ती त्यांची आहे. त्यांनी ती त्यांच्या पद्धतीनं मिटवावी."

आणि जे आत येऊन जेवत, त्यांच्यासाठी तर आणखी तऱ्हा. भिंतीवर चर्चचं कॅलेंडर होतं, खाली शास्त्रातलं वचन छापलेलं. पाहुणा ताटावर बसायच्या आत मास्तर ते कॅलेंडर उलटं करून टाकत. कुणी तारीख विचारली तर तोंडी सांगत. टेबलावरचं काळ्या पुठ्ठ्याचं पुस्तक टॉवेलात गुंडाळून कपाटावर जाई. जेवणाआधीची प्रार्थना करायला ते मोरीत जात आणि नळ सोडून ठेवत. पाहुण्याला वाटे, म्हातारा हात फार वेळ धुतो. हा सगळा चोरीचा मामला पाहून मला हसू यायचं. चोर लपवतोय देव, आणि चोरी कसली तर भाकरी वाढण्याची.

आता याची दुसरी बाजू ऐका. कधी कधी कुणी खरोखर विचारायला येई. दवाखान्यात मरण जवळून पाहिलेला माणूस बरेच प्रश्न घेऊन हिंडत असतो, आणि या मास्तरांकडे उत्तर असेल असं कुणाकडून तरी त्याच्या कानावर गेलेलं असे. त्याला मास्तर विचारत, "आज माझ्याकडे जेवलात का?" हो म्हणाला की, "मग आज नाही. उद्या या. येताना कुठंतरी जेवून या." आणि तो उद्या आला की त्याला ओट्यावर बसवून दुपारभर बोलत. इतकं जीव ओतून बोलत की मी खोलीतून ऐकत असलो तर माझी फाईल तशीच राही. पण त्या माणसाला चहा नाही की पाणी नाही. मे महिन्यातसुद्धा नाही. शेवटी शेजारच्या अक्का त्यांच्या घरून तांब्या आणून ठेवत आणि मास्तरांना सगळ्या गल्लीदेखत झापत, "कसा मानूस शेतस तुम्ही मास्तर? दारमा बसाडतस आन पानी बी देतस नही?" मास्तर मान खाली घालून म्हणत, "तुम्ही द्या अक्का. तुमचं चालतं."

चर्चमध्येही त्यांचं कौतुक नव्हतंच. एका रविवारी पाळकसाहेब घरी आले. मी आत दाढी करत होतो. पाळकसाहेब शांतपणे म्हणाले, "मास्तर, तुमच्याकडे इतके लोक जेवून जातात, त्यातला एकही आपल्या दारापर्यंत येत नाही. हे काय आहे?"

"ते जेवायला आले होते, पाळकसाहेब," मास्तर म्हणाले.

"अहो पण जिवाचीही भूक असते माणसाला. ताटावर बसलेल्या माणसाला दोन शब्द सांगितले तर बिघडलं कुठं?"

"तो माझं मीठ खात असताना मी जे सांगेन त्याला तो मानच डोलावणार. ती मान डोलावणं घेऊन मी काय करू?"

पाळकसाहेब गेल्यावर मास्तर ओट्यावर येऊन बसले. मग आपणहून मला म्हणाले, आणि हे त्यांनी एकदाच सांगितलं, की त्यांचे वडील जामनेरकडच्या एका खेड्यातले. एका वाईट वर्षी ते मिशनच्या बंगल्यावर ज्वारी मिळते म्हणून गेले आणि तिथं ख्रिस्ती झाले. पुढं चांगले दिवस आले, ज्वारी विकत घेण्याची ऐपत आली, तरी गावानं त्यांना मरेपर्यंत ज्वारीवर बाटलेलाच म्हटलं. "माझ्या बापाचा विश्वास खरा होता," मास्तर म्हणाले. "पहाटे उठून रडत प्रार्थना करायचा. पण ते त्याला आणि देवाला माहीत. गावाला फक्त ज्वारी माहीत. तो स्वतःसुद्धा कधी कधी मला विचारायचा, का रे, मी खरंच ज्वारीसाठी गेलो असेन का?"

मी दाढीचं सामान आवरलं. पुढं कधीतरी चेष्टेत विचारलं, की मास्तर, मला कधी सांगणार? ते म्हणाले, "तुम्ही माझ्याकडचं जेवण सोडा, दुसऱ्या दिवशी सांगतो." मी काही ते सोडलं नाही. त्यामुळं त्यांच्या घरात राहून त्यांच्या देवाविषयी समोरासमोर सगळ्यात कमी ऐकलेला माणूस मीच असेन.

तो माणूस आला तेव्हा थंडी होती आणि मला सुट्टी होती. पन्नाशीचा शेतकरी, डोक्याला रुमाल, अंगात स्वेटर, बोलताना मध्येच छातीवर हात ठेवायचा. छातीचाच फोटो काढायला दवाखान्यात आलो, असं आपणहून म्हणाला. उंबऱ्यावर मास्तरांनी नेहमीची सूचना दिली, तर म्हणाला, "चाली. मी काय इटायना मानूस नही." आणि विटाळबिटाळ न मानता सरळ आत येऊन बसला. भरीत होतं, कळण्याची भाकरी होती. तो गिरणेच्या पाण्याविषयी, कपाशीविषयी थोडं बोलला, चवीनं जेवला. कॅलेंडर उलटं होतं. सगळं यथासांग चाललं होतं.

मागच्या दारी मास्तर त्याच्या हातावर पाणी घालत होते. हात धुऊन झाले तरी तो ओंजळ तशीच धरून उभा राहिला आणि म्हणाला, "मास्तर, एक इचारू का? मनी पोर हीरमा पडनी. पडनी का तिन्ही उडी मारी, ते तिलेच ठाऊक. गावमा बठ्ठा सांगतस, अशा मरनारले कोठेच जागा भेटत नही. तुम्ही तं कोनले बी घरमा लेतस. तुमना देव तिले घरमा लेई का?"

मास्तरांच्या हातातला तांब्या थांबला. त्यांचं तोंड उघडलेलं मी पाहिलं. एक शब्द अगदी ओठावर आला होता, हे मी शपथेवर सांगेन. मग त्यांनी तो गिळला. म्हणाले, "आज तुम्ही माझ्याकडे जेवलात. उद्या या. घरून जेवून या. मी सगळं सांगतो."

"उद्या?" तो माणूस म्हणाला.

"उद्या, परवा, केव्हाही. पण जेवल्या दिवशी नाही."

त्याला ते कळलं नसावं. कुणाला कळणार? त्यानं रुमालाला हात पुसले, "गाव लांब शे मास्तर. पन पाहू," असं म्हणाला आणि एसटी स्टँडच्या दिशेनं चालायला लागला. मी तडकलो. म्हणालो, "मास्तर, विहिरीत गेलेल्या पोरीचा बाप होता तो. एका शब्दाचं काम होतं. हो म्हणायचं होतं नुसतं."

"हो म्हटलं असतं तर त्यानं मानलं असतं, साहेब," ते म्हणाले. "पण भरताखातर मानलं असतं. उद्या घरी गेल्यावर त्याच्याच मनात आलं असतं, की म्हातारा जेवू घालणारा आहे, गोड बोलणारच. त्याच्या पोरीच्या बाबतीत मला असलं कच्चं नको होतं." हे त्यांचं खरं होतं, आणि मला ते तेव्हाही पटलं नाही.

दुसऱ्या दिवशी मास्तर दवाखान्यात गेले नाहीत. ओट्यावर बसले. तिसऱ्या दिवशीही बसले. गल्लीच्या तोंडाशी रुमालवाला कुणी दिसला की अर्धे उठत. आठवडा गेला, संक्रांत गेली. भाकरी टाकणं त्यांनी बंदच केलं होतं. अक्का काहीतरी आणून ठेवायच्या, तेही कावळ्यांच्या उपयोगी पडायचं. शेवटी एका सकाळी म्हणाले, "साहेब, रविवारी माझ्याबरोबर याल? आपण त्यांच्याकडे जाऊ." मी विचारलं, कुठं? तेव्हा आमच्या दोघांच्याही लक्षात आलं, की त्या माणसाचं नाव आम्हाला माहीत नाही आणि गावही माहीत नाही. मास्तरांच्या घरात विचारायची पद्धतच नव्हती.

दवाखान्यात नावाशिवाय कुणी चौकशी ऐकेना. बोलीवरून भडगावकडचा, गिरणेकाठचा, एवढा धागा. भडगावला उतरून आम्ही नदीकाठची गावं धरली. पण विचारायचं काय? ओळख सांगायला आमच्याजवळ एकच गोष्ट होती. पारावर बसलेल्या माणसांना मास्तर नमस्कार करत आणि खाली बघून विचारत, "ज्यांची मुलगी विहिरीत गेली, ते घर कोणतं?" माणसं आमच्याकडं बघत राहायची. पोलीस का, वरपक्षाकडचे का, कोण तुम्ही? पहिल्याच गावात आम्हाला एक घर दाखवलं. आम्ही गेलो. ते हे घर नव्हतं. त्या घरातली बाई दारातच रडायला लागली आणि आम्ही काही न सांगता परत फिरलो. दुसऱ्या रविवारी आणखी एका गावात तसंच झालं. शाळेत मुलांना जिल्ह्याचा नकाशा काढायला शिकवलेला माणूस तो; तिथून निघाल्यावर रस्त्याच्या कडेला दगडावर बसला आणि म्हणाला, "मला या जिल्ह्यातलं काहीच माहीत नव्हतं हो."

इथं थोडं पुढचं सांगून टाकतो, म्हणजे ऑफिसातल्या त्या कारकुनाचा हिशेब मिटेल. या प्रकरणानंतर मास्तर पार बदलले. पाहुणा ताटावर बसला रे बसला की पहिला घास घ्यायच्या आत ते त्याला सांगून टाकत, की देव तुम्हालाही घरात घेतो, तुमच्या माणसांनाही घेतो. कुणी विचारो न विचारो. कॅलेंडर सुलटं, पुस्तक टेबलावर, प्रार्थना मोठ्यानं. माणसं घाबरली. हातातला घास ठेवून उठून गेली. दवाखान्याच्या आवारात त्यांच्याविषयी बोललं जाऊ लागलं, आणि कुणीतरी येऊन अंगणातली चूल लाथेनं मोडून गेलं. माझी धुळ्याला बदली झाली होती. एकदा भेटायला गेलो तर भरीत दोघातिघांपुरतं केलेलं होतं आणि मास्तर एकटे होते. मी पोटभर जेवलो. त्यांनी मलाही सांगितलं. ऐकायला इतकी वर्षं थांबलो होतो, पण ते बोलणं ओट्यावरच्या बोलण्यासारखं राहिलं नव्हतं. गाडी सुटायच्या आत निरोप द्यावा तशी घाई होती त्यात.

आता त्या घराचं सांगतो. तिसऱ्या रविवारी सापडलं. गावाच्या टोकाला, पांढऱ्या मातीचं, अंगण सारवलेलं. कपाशीची बोंडं पसरून त्यातला कापूस वेचत एक बाई बसली होती. मास्तर म्हणाले, "मी जळगावहून आलो. तुमचे मालक माझ्याकडे जेवायला आले होते." तिनं पदर सावरला, आमच्याकडं नीट पाहिलं, आणि म्हणाली, "ते गयात. छातीनंच गयात." मग लगेच उठली. "उन्हामा उनात. आधी जेवा."

मास्तर नको म्हणाले. मीही नको म्हणालो. तिनं ऐकलं नाही. पाय धुवायला पाणी दिलं, घोंगडी टाकली, दोन ताटं मांडली. उडदाची डाळ होती, भाकरी, मिरचीचा ठेचा. आम्ही बसलो. ती चुलीपाशी बसली आणि भाकरी थापता थापता, शेजारणीला सांगावं तसं सांगायला लागली.

"घर उनात तवय खूश व्हतात. सांगेत, मास्तरना घर चांगलं जेवनू, भरीत व्हतं. मंग मी इचारं, पोरनं काय सांगं मास्तरनी? तं बोलनात, मास्तर गप व्हई गयात, उद्या या बोलनात. मी सांगं, मंग जा ना उद्या." ती थांबली. तव्यावरची भाकरी उलटली. "तं बोलनात, काय जाऊ? त्यास्ना देव बी लेत नही व्हई पोरले. मास्तर भला मानूस. जेवनारना तोंडवर कसं सांगतीन? म्हनीसन गप बसनात. मी समजी गवू."

मी मास्तरांकडं बघायचं टाळलं. मला आता कळलं होतं, आणि त्यांना माझ्याआधी कळलं होतं. मास्तर ज्याला प्रामाणिकपणा समजत होते, तो त्या शेतकऱ्यानं मोठ्या मनानं भिडस्तपणा मानला. पाहुण्याला वाईट बातमी द्यायला नको म्हणून म्हातारा गप्प राहिला, असा त्यानं अर्थ लावला, मास्तरांविषयी एक वावगा शब्द न काढता तो घरी आला, आणि आपली पोर कुठंच कुणाला नको आहे असं धरून मेला.

"त्यानंतर पोरनं नाव काढं नही त्यासनी," बाई म्हणाली. मग तिनं पहिल्यांदा मास्तरांकडं सरळ पाहिलं. "खरंच तसं शे का, मास्तर?"

मास्तरांचा हात डाळीत तसाच होता. समोर तिचं अन्न, पोटात तिचा घास. त्यांनी तोंडातलं गिळलं. म्हणाले, "नाही ताई. घेतो. तिला घेतलंय त्यानं. केव्हाच घेतलंय. ती बाहेर नाही."

बाईनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. राग आला असता, शिव्या दिल्या असत्या, तर मला बरं वाटलं असतं. तिच्या चेहऱ्यावर तसलं काही नव्हतं. काहीतरी नीट समजून घ्यायचं राहून जाऊ नये, अशा बेतानं तिनं विचारलं,

"इतलंच सांगानं व्हतं त्यास्ले?"